दोन बोटांची जागा

सोलापूर, ६ एप्रिल १९३४

प्रिय प्रेमला,

परीक्षा संपली असेल, तेव्हा आता आत्याचे पत्र वाचायला हरकत नाही. आधी पाठवले असते तर तू अभ्यास टाकून उत्तर लिहीत बसली असतीस.

या सुटीत सरळ मंगळवेढ्याला न जाता सोलापूरला उतर. आपल्या डॉ. एकनाथराव देगावकरांनी दवाखाना मुलाच्या हवाली केला आहे आणि आता दिवसभर करायचे काय, हा प्रश्न त्यांना पडला आहे. त्यांनी कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी फर्स्ट एडचा वर्ग काढला आहे. सोलापुरात कॉलेज नाही, पण सुटीत घरी आलेली कॉलेजची मुले पुष्कळ. जानेवारीत बिहारात भूकंप झाला तेव्हापासून डॉक्टरांच्या मनाने घेतले आहे, की ढिगाऱ्याखाली जेवढी माणसे मरतात तेवढीच ती ओढून काढणाऱ्या अडाणी हातांनी मरतात. भूकंप तरी कशाला, इथे कुठल्या ना कुठल्या मागावर रोज कुणाचे तरी बोट सापडतेच.

वर्ग पुस्तकी नाही. रक्त कसे थांबवावे, मोडलेल्या हाडाला फळ्या कशा बांधाव्यात, बुडालेल्याचा श्वास कसा परत आणावा, सगळे हाताने करायचे. एकाने जखमी होऊन जमिनीवर पडायचे, दुसऱ्याने बांधायचे. मुलगे हॉलच्या एका बाजूला, मुली दुसऱ्या. तीस मेला परीक्षा. तुझे नाव मी घातले आहे.

बेळगावच्या कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर अ‍ॅग्नेसकडे एक पांढरी पेटी होती. उघडली की कापराचा आणि आयोडीनचा वास यायचा. आम्हां मुलींना तिला हात लावायची परवानगी नव्हती. माझी पन्नाशी उलटली, तरी ती पेटी अजून मला हवीशी वाटते. तुला मिळणार आहे, तर तू सोडू नकोस.

दादांचे काय, हे तू विचारशील. मुलगी जमिनीवर पडते आणि समोर मुलगे असतात, एवढे त्यांनी ऐकले की वर्ग तर नाहीच, कॉलेजही बंद होईल. तुझ्या वसतिगृहाच्या फॉर्मवर जूनमध्ये त्यांची सही हवी आहे. तेव्हा त्यांना काय कळवायचे ते माझ्यावर सोड. मी खोटे लिहिणार नाही, नन्सनी ती सोय माझ्यात ठेवली नाही. पण सगळे खरे एकाच पत्रात लिहावे, असे त्यांनीही कधी सांगितले नव्हते.

तुझी,
मालतीआत्या

·

सोलापूर, २१ एप्रिल १९३४

ती. दादांना मालूचा नमस्कार.

प्रेमला परवा पुण्याहून इथे आली. तिला मे अखेरपर्यंत मी माझ्याजवळच ठेवून घेत आहे. डॉ. देगावकरांच्या देखरेखीखाली तिने पाच आठवडे राहावे, असे त्यांचे आणि माझे मत पडले. रोज सकाळी दोन तास त्यांच्याकडे जावे लागते. काळजीचे काही कारण नाही. तिच्याच वयाच्या आणखी सतरा जणांकडे ते पाहत आहेत.

तिने स्वतः लिहिले असते, पण या घटकेला तिचे दोन्ही हात गुंतलेले आहेत.

सोबत वसतिगृहाचा फॉर्म आहे. पालकाची सही होऊन तो दहा जूनच्या आत पुण्याला पोचायला हवा, नाहीतर जागा जाईल, आणि जागा गेली की कॉलेजही गेलेच. इथे ऊन फार आहे. तुम्ही येण्याची तसदी घेऊ नये.

मालू

·

मंगळवेढे, १ मे १९३४

चि. मालूला आशीर्वाद.

तुझ्या पत्राने मन चरकले होते. पण काळजीचे कारण नाही असे तू लिहिलेस, म्हणून गप्प बसलो. नंतर शाळूची दोन पोती देऊन कोंडिबाला बैलगाडीने तुझ्याकडे पाठवले. तो आला तेव्हा तू घरी नव्हतीस, प्रेमला होती. ओसरीवर त्याने जे पाहिले आणि तुझ्या रंभाबाईने त्याला जे नाव सांगितले, ते त्याने परत आल्यावर मला गोठ्यात नेऊन कानात सांगितले. मी ते कागदावर लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. आणि कार्ड तर मुळीच पाठवू नकोस. आमचे पोस्टमास्तर कार्डे आधी वाचतात आणि मग, वेळ उरला तर, वाटतात.

तू लपवलेस याचा मला राग नाही. मुलीच्या जातीला असले नाव चिकटले की सुटत नाही, हे मीही जाणतो. पण मी बाप आहे. मला स्पष्ट कळव. हे कधी सुरू झाले? पुण्यात की सोलापुरात? अमावस्या-पौर्णिमेला वाढते का? तिला झोप लागते का? बांधावे लागते हे खरे का? ती दुसऱ्यांच्या अंगावर जाते का? डॉक्टरांना काही आशा वाटते का?

रुक्मिणीकाकूंना मी अजून सांगितलेले नाही, पण त्यांना कळले आहे.

यज्ञेश्वर

·

सोलापूर, ५ मे १९३४

ती. दादा, नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मला किती हलके वाटले म्हणून सांगू. तुम्हाला सगळे कळले आणि तुम्हाला राग नाही. मी उगीच भीत होते. कोंडिबाने सांगितले ते अक्षर अन् अक्षर खरे आहे. आता तुमच्या प्रश्नांची उत्तरे.

सुरुवात इथेच झाली, आणि दोष कुणाला द्यायचा तर मला द्यावा, कारण मीच लावून दिले. पुण्यात तिला याची गंधवार्ताही नव्हती. अमावस्येशी काही संबंध नाही, रविवारी मात्र बंद असते. तुम्ही अजून तिथी पाहता याचे हसू आले. झोप छान लागते, पण झोपेतही तिचे हात चालू असतात. परवा सकाळी उशी खाटेच्या पायाला बांधलेली सापडली. बांधावे लागते हे खरे. पहिल्या आठवड्यात सैल बांधत असत, तेव्हा डॉक्टर रागावले. आता कुणी सैल बांधत नाही. आणि अंगावर जाण्याचे विचाराल तर त्यात ती सर्वांच्या पुढे आहे. डॉक्टरांचा टांगेवाला शिवप्पा पैलवानासारखा माणूस. त्याला तिने काल एकटीने आडवा करून चार मिनिटांत जखडला. तो म्हणतो, “ताई, सोडा की आता, घोडा वाट बघतोय.” तिने सोडला नाही.

खरे सांगू का, मलाही गोडी लागली आहे. दुपारी दारे लावून मी तिच्यासमोर जमिनीवर पडते आणि विव्हळते. रंभाबाई आधी घाबरली होती, आता तीही पडते. तीस सालच्या मार्शल लॉपासून इथे चार तरुण एकत्र दिसले की पोलीस येऊन बसतो, तसा याही ठिकाणी एक आला होता. दोन दिवस दारात बसला. तिसऱ्या दिवशी तोही आत येऊन पडला.

डॉक्टरांना फार आशा आहे. इतक्या थोड्या दिवसांत इतकी पुढे गेलेली मुलगी त्यांनी पाहिली नाही म्हणतात. तीस मेला बाहेरचे मोठे डॉक्टर तपासायला येतील आणि सर्टिफिकेट देतील. ते एकदा हातात पडले की जन्मभर कुणी काढून घेऊ शकणार नाही. पुण्यात यासाठी याहून मोठी जागा आहे, तिथे तिला पुढे ठेवावे असेही ते सुचवतात.

फॉर्मची आठवण असू द्यावी.

मालू

·

मंगळवेढे, ११ मे १९३४

चि. मालूला आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचले. काकूंना वाचून दाखवू लागलो. “मी तिच्यासमोर जमिनीवर पडते” इथवर आल्यावर त्यांनी हाताने थांबवले आणि त्या देवापाशी जाऊन बसल्या.

सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर काही वस्तू पाठवत आहे. ब्राह्मी तेलाच्या दोन बाटल्या. एक तिला, एक तुला. रोज टाळूवर जिरवावे. रंभाबाईलाही द्यावे. कोहळेपाकाचा डबा आहे, थंड असतो. काकूंनी अंगाऱ्याची पुडी दिली आहे, ती उशाखाली ठेवावी. आणि बांधणे भागच असेल तर मऊ सुती दोर आहे. काथ्या वापरू नये, अंगाला रुततो.

हे ज्यामुळे झाले ते मला ठाऊक आहे. डोक्याला एवढा ताण सोसत नाही. तिला या स्थितीत मी पुण्याला पाठवणार नाही. मोठ्या जागेत तर नाहीच नाही. फॉर्मवर सही करणार नाही. जे काही व्हायचे ते तिच्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर होईल. तीस तारखेला कोंडिबाला घेऊन येतो आणि तिला घरी आणतो. तोवर तिला कुणी विरोध करू नये. म्हणेल त्याला हो म्हणावे. काकू म्हणतात, विरोध केला की वाढते.

तुझी मला वेगळी काळजी लागली आहे.

यज्ञेश्वर

·

सोलापूर, १५ मे १९३४

ती. दादा,

दोर फार उपयोगी पडला. हॉलमध्ये कमीच पडत होता. तेलाने डोके गार राहते, अठराही जणांनी लावले. कोहळेपाक पोलिसाने संपवला.

पण तुमच्या पत्राने मी दुखावले आहे. आधीच्या पत्रात इतके समजून घेतलेत, आणि आता विरोध करू नका म्हणून सांगता आणि स्वतः सगळ्यात मोठा विरोध करता. असे मी काय लिहिले? जमिनीवर पडण्यात अब्रू जाते असे वाटत असेल, तर माझी अब्रू आधी गेली आहे, तिची नंतर.

आपले वडील पोस्टात बेळगावला होते म्हणून मी कॉन्व्हेंटात शिकले, आणि तुम्ही काका-काकूंजवळ राहून शेत सांभाळलेत. मी तिथे पियानोच्या पट्ट्या मोजत होते तेव्हा तुम्ही बैलांमागे होता, हे मी कधी विसरले नाही. मला शिकू दिलेत तेव्हा सारे मंगळवेढे म्हणत होते की मुलगी हातची जाईल. तुम्ही एकटेच म्हणाला होता, जाऊ दे, पत्रे तर लिहील. त्या दादांनी प्रेमलाचे कॉलेज बंद करावे, हे मला पटत नाही.

तीस तारखेला जरूर या. आधी हॉलवर येऊन डोळ्यांनी पाहा. मग न्यायची तर न्या, मी आड येणार नाही. मी घरी पुरणपोळी करून वाट पाहते.

मालू

·

सोलापूर, १६ मे १९३४

ती. बाबा,

आत्याने तुमचे पत्र दाखवले नाही, पण ती स्वयंपाकघरात रडत होती, म्हणून मी ते डब्यामागून काढून वाचले. बाबा, मला यातून सोडवू नका. मला इतके बरे आजवर कधीच वाटले नव्हते. माझ्या हातांना आता कशाची भीती वाटत नाही. रक्त पाहूनसुद्धा काही वाटत नाही. तुम्ही या, तुम्हालाही मी दाखवीन.

तुमची,
प्रेमला

·

सोलापूर, ३१ मे १९३४

ती. दादा,

काल काय झाले ते मला कुणी नीट सांगेल का? मी पुरण वाटून तीन वाजेपर्यंत दारात उभी होते. साडेतीनला प्रेमला एकटी आली. म्हणाली, “बाबा आले होते. पेशंट झाले. फार छान निजले. मग दुपारच्या मोटारीने परत गेले.” मी विचारले, का गेले? तर म्हणाली, “मी सोडल्यावर ते उठले, कपडे झटकले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. कोंडिबा छत्री घेऊन मागे धावला.”

मी कोंडिबाविषयी विचारायला लागले की ती पदरात तोंड घालून हसत सुटते. डॉक्टर देगावकरांना विचारले, तर तेही हसतात आणि मग चष्मा पुसतात.

दादा, मी शांत आहे. पण दहा तारखेला दहाच दिवस राहिले. फॉर्मचे काय केलेत? ती पास झाली आहे. तिला पुढे जाऊ देणार की नाही, एवढे एका ओळीत कळवा. कार्ड चालेल.

मालू

·

मंगळवेढे, ४ जून १९३४

चि. मालू,

एका ओळीत लिहिता येण्यासारखे नाही. तू वाट पाहिलीस आणि मी न जेवता फिरलो, कारण तोंड दाखवायला जागा नव्हती. आता सगळे लिहितो, आणि हेही लिफाफ्यातच.

एप्रिलात कोंडिबाने प्रेमलाला तुझ्या ओसरीवर पाहिले, तेव्हा तिच्या डोक्याला फडके गुंडाळलेले, हात छातीशी बांधलेले आणि पायांना फळ्या होत्या. त्याने रंभाबाईला विचारले, ताईस्नी काय झालंय? ती भांडी घासता घासता म्हणाली, “काय न्हाय वो. फष्ट येड हाय. समद्या कालेजच्या पोरींस्नी हाय. रोज डाक्टर बांदतोय.” कोंडिबाने मला येऊन सांगितले, “मालक, ताईस्नी येड लागलंय. सादं न्हाय, फष्ट.” फष्ट म्हणजे पहिल्या प्रतीचे, एवढे इंग्रजी मला येते. पुढचा शब्दही इंग्रजी असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नाही. तो शब्द आपल्याकडे रोजच्या वापरातला आहे. आता माझी पत्रे काढून पुन्हा वाच. तुझी मी पुन्हा वाचली आहेत.

तीस तारखेला मोटार अड्ड्यावरून सरळ हॉलवर गेलो. कोंडिबाला दाराशी ठेवले. आत पाहतो तर सगळी पोरे जमिनीवर. कुणाचे डोके बांधलेले, कुणी फळीला जखडलेला, सगळी विव्हळत होती. मी मनात म्हटले, सोलापुरात चांगल्या घरची एवढी मुले वेडी झाली आणि वर्तमानपत्रात एक ओळ नाही. बाकावर बसलो. तेवढ्यात तुझे डॉक्टर आले. त्यांचा शिवप्पा मेहुणीच्या लग्नाला मंद्रूपला गेला होता आणि त्याच्या जागी ते कुणाची तरी वाट पाहत होते. मला म्हणाले, “उशीर केलात. निजा.” मी निजलो. अशा जागी कशाला नाही म्हणू नये, असे काकूंनी बजावले होते.

मग प्रेमला आली. मला पाहून थबकली. परीक्षकांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिले आणि गुडघे टेकून बसली. म्हणाली, “घाबरू नका, मी मदत करायला आले आहे. आपले नाव काय?”

मालू, पोटच्या मुलीने बापाला नाव विचारले. मी सांगितले, यज्ञेश्वर. तिने विचारले, “आज वार कोणता?” मी म्हटले, बुधवार. आणि मला रडू आले. ती परीक्षकांकडे वळून म्हणाली, “रुग्ण शुद्धीवर आहे. वेदनेने रडतो आहे. डावी मांडी मोडली आहे.” मी म्हटले, हो, मोडली आहे.

तिने माझी छत्री मांडीला लावली आणि बांधायला सुरुवात केली. तोवर कोंडिबाला राहवेना. आत घुसून म्हणाला, “मालक, तुमाला बी लागलं का?” डॉक्टर ओरडले, “बाहेर व्हा. फर्स्ट एड चालू आहे.” तो म्हणाला, “त्येच म्हंतोय की मी. फष्ट येड. आदी ताईस्नी, आता मालकास्नी. ह्ये लागणीचं हाय, मला सोडा, मला लेकरंबाळं हायती.”

परीक्षकांनी चष्मा काढला. बिचारे मला समजावून सांगू लागले, की अहो, एड म्हणजे मदत, दवाखाना येईपर्यंत करायची पहिली मदत. सारा हॉल हसू लागला. ज्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या ते सर्वांत जास्त. मी आडवा पडून तुझ्या पत्रातले एकेक वाक्य आठवत होतो. प्रेमला तेवढी हसली नाही. तिचे घड्याळ चालू होते.

पण हसले म्हणून मी परत फिरलो नाही. प्रेमला झाली तेव्हा तिची आई गेली, आणि मी तुला ताप म्हणून कळवले. ताप नव्हता. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी तिचे भान गेले. तिला मूल ओळखू येईना. सगळे म्हणाले, बांधा. मी बांधले. सोळा दिवस ती मागच्या खोलीत होती. दोर सुतीच होता, पण गाठ मी मारली होती, आणि दुखते का म्हणून एकदाही विचारले नाही. भानावर नाही तिला काय विचारायचे, असे सगळ्यांचे म्हणणे पडले. सतराव्या दिवशी ती गेली. कोंडिबाने तो शब्द उच्चारला तेव्हा मला प्रेमला दिसली नाही, ती खोली दिसली. तुला मी विचारले ते प्रश्न एकोणीस वर्षांपूर्वी मला लोकांनी विचारले होते.

त्या दिवशी प्रेमलाने माझ्या पायाला फडके बांधले, गाठ मारली आणि गाठीखाली दोन बोटे घालून पाहिली. “जागा आहे ना? रुतत नाही ना?” मी म्हटले, नाही. मग दुसरी गाठ. पुन्हा दोन बोटे, पुन्हा तोच प्रश्न. सात गाठी होत्या. सातही वेळा तिने विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबली. याला गुण असतात हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी काही फरक पडला नसता.

फॉर्म माझ्या खिशात होता. सही न करता तुझ्या हाती परत द्यायला आणला होता. दौत-टाक परीक्षकांकडून मागून घेतले आणि निजल्यानिजल्याच सही केली. कुणाला काही बोललो नाही, फॉर्म पुन्हा खिशात ठेवला. तो सोबत आहे. सही वाकडी आहे. वसतिगृहाच्या बाई काही म्हणाल्या तर कळव, की पालक त्या वेळी बांधलेले होते.

यज्ञेश्वर

·

सोलापूर, ७ जून १९३४

ती. दादा,

फॉर्म आजच रजिस्टरने पुण्याला गेला.

वहिनीचे वाचले. मी तेव्हा तापावर विश्वास ठेवला, कारण ठेवणे सोपे होते. एवढ्या जवळ राहून मी बाराव्याला आले, सोळा दिवसांत एकदा आले नाही. तुम्ही हे इतकी वर्षे एकट्याने मनात ठेवलेत. मी मोठी खरे बोलणारी म्हणून मिरवते, आणि एका वर्गाचे नाव मला सरळ लिहिता आले नाही. लिहिले असते तर तुम्हाला तो महिना भोगावा लागला नसता. मला क्षमा करा.

प्रेमलाला आईविषयी मी काही सांगितलेले नाही. ते तुम्ही सांगायचे, आणि सांगायचे आहे.

तिचा एक गुण कापला गेला. रुग्णाची टोपी काढून डोके तपासायला हवे होते, ते तिने केले नाही. परीक्षकांनी कारण विचारले, तर म्हणाली, “बाबांची टोपी मी चारचौघांत कशी काढू?”

मालू

·

मंगळवेढे, १४ जून १९३४

चि. मालू,

परवा येतो. प्रेमलाला पुण्याला पोचवायला मीच जाईन. गाडीत पुष्कळ वेळ असतो. तिच्या आईचे तिला तेव्हा सांगेन.

तुझ्या डॉक्टरांना एक विचार. बाळंतिणीचे भान सुटले तर तिच्याशी कसे वागावे, एवढे त्यांना शिकवता येते का? येत असेल तर दिवाळीच्या सुटीत त्यांना आणि प्रेमलाला इकडे घेऊन ये. इथली सुईण दगडाबाई, तिच्या दोन सुना, आणि आपल्या काकूसुद्धा यायला तयार आहेत. काकूंना मी सगळे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “मला कुणी सांगितलंच नाही रे, गाठीखाली जागा ठेवायची ते.”

देवळाचा मंडप मागितला आहे. दगडाबाई म्हणते, “शिकीन की. पर भुईवर मी न्हाई पडायची, माझी कंबर धरतीया.” सुना लाजतात. काकूंचे वय झाले. तेव्हा बांधायला माणूस कोण आणायचे, यावर काल मंडपात बराच खल झाला. पुजारी म्हणाले, बायकांसमोर पुरुषाने असे आडवे पडणे बरे दिसेल का?

मी म्हटले, मला सवय आहे.

यज्ञेश्वर